अंजनाची मोगरी

धारवाल्याच्या रांगेत शिंपीणबाई कात्री घेऊन उभ्या होत्या. पुढे सुतारकाम करणारी एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ. शिंपीणबाईंची नजर कात्रीवर, कान पुढे.

"ताई, पटाश्या, रंधे सगळं तुला. मला फक्त ही मोगरी दे. बाबांनी माझ्यासाठी केली होती."

"केली होती खरी. दांड्यासकट अंजनाच्या लाकडाची. पाण्यात टाकलीस तर दगडासारखी बुडेल. तेव्हा तुला उचलवत नव्हती."

"आता उचलते की."

"करणार काय तिचं?"

"शोकेसमध्ये ठेवीन. बाबांची आठवण."

"वीस वर्षं मी रोज हिनं पटाशी ठोकतेय. सागाची असती तर केव्हाच पिंजून गेली असती."

"तेच म्हणतोय. अजून नव्यासारखी आहे."

"धरून बघ."

"हाताला बसत नाही गं. दांड्यावरचा अंगठ्याचा खळगा भलत्याच बाजूला आहे."

"मी डावखुरी ना."

"बाबांनी असा केला होता?"

"बाबांनी दांडा सरळ केला होता."

"एवढ्या कडक लाकडाला खळगा पडला?"

"पडला."

"चला, पुढे कोण?" धारवाला ओरडला.

"जा ताई, तुझा नंबर. आणि ही घे, पटाशीची धार ठोकून बघायला लागेल."