अक्काच्या मशीनची सफाई

नाही, पण मला सांगा, 'साफ करू का?' असं कुणी विचारलं तर कोण नाही म्हणेल? त्यात मी गॅरेजवाला. कार्बोरेटर असो नाहीतर स्पार्क प्लग, साफ म्हटलं की आमची मान आधी हलते. मी हो म्हटलं, कॉम्प्युटरवरचं इंग्रजी वायचं बटण दाबलं, आणि तुम्हाला सांगतो, जो तांबडा पडदा आला तो काही केल्या हलेना.

मशीन माझं नाही, अक्काचं. संयोगिता अक्का, माझी थोरली बहीण. चामराजपेटेत आमच्या दोन खोल्या, त्यातली अर्धी ह्या कॉम्प्युटरने अडवलेली. लोकांची टायपिंगची कामं करायची ती त्याच्यावर. अक्काला जाऊन सात आठवडे झाले. ताप होता. ती म्हणायची, "गुंडू, मोठ्या डॉक्टरला दाखवू या का रे?" आणि मी म्हणायचो, "उद्या, अक्का, आज दोन स्कूटर उघड्या पडल्यात." असे तीन उद्या झाले...

म्हणून शेजारचा त्रिविक्रम, तो कॉम्प्युटर क्लासला जातो ना, तो जेव्हा म्हणाला, "अरे, व्हायरस फिरतोय सगळीकडे, मशीनमधलं सगळं खाऊन टाकतो, ही फ्लॉपी घाल, मारते त्याला," तेव्हा मी ती फ्लॉपी त्याच्या हातातून ओढलीच. ह्या वेळी मी उशीर केला नाही.

एवढं काय होतं त्या मशीनमध्ये? सांगतो. मी गॅरेजातून यायचो तो थेट मोटारीचा गेम लावून बसायचो, जेवण तसंच झाकलेलं. अक्का कामं पोचवायला गेलेली. मग तिने मशीनलाच कामाला लावलं. चालू केलं की आधी पडद्यावर यायचं, इंग्रजी अक्षरांत पण आपल्या बोलीत, 'गुंडू, जेवलास का?' आणि बटण दाबेपर्यंत मशीन तिथेच अडून. माझी शाळा चौथीत सुटली, पण तेवढं मला अक्षर न अक्षर पाठ आहे. अक्का गेल्यावर रोज चालू करायचो. गेम नाही काही. तेवढंच बघायचं आणि बंद.

आणि आता तिथे तांबडं. त्रिविक्रमने वाचून दाखवलं, "एकशे बारा व्हायरस सापडले. साफ करू का?" दाबलं. एकशे चाळीस. परत दाबलं. दोनशे सहा. साफसफाईने वाढणारा मळ मी तरी पहिल्यांदा बघितला.

त्रिविक्रम म्हणतो, "आता फॉरमॅट."

"म्हणजे?"

"सगळं पुसायचं. एकदम नव्यासारखं होतं मशीन."

अरे, नवं कुणाला पाहिजे? मी त्याला "सरी, सरी, बरं बरं" म्हणत दाराबाहेर काढला आणि अनवाणी धावलो भीमाचार्यांकडे. ह्या वेळी मी उशीर केला नाही.

भीमाचार्यांनी अक्काला टायपिंग शिकवलेलं. सत्तरी उलटली, धोतर नेसतात, आणि फ्लॉप्या ठेवतात पानाच्या डब्यात. आल्या आल्या मला म्हणाले, "स्वल्प बाजूला हो. धापा टाकत मशीनला हात लावू नये." स्वतःच्या फ्लॉपीवरून मशीन चालू केलं. मग एक नवी कोरी फ्लॉपी घातली आणि त्रिविक्रमच्या त्या साफ करणाऱ्या प्रोग्रामला ती तपासायला लावली.

एकशे बारा.

"रिकामी आहे रे ही, गुंडू," म्हणाले. "व्हायरस नाही की काही नाही. दिसेल त्याला एकशे बारा म्हणून घाबरवायचं, एवढंच ह्याला येतं."

राग यायला पाहिजे होता ना मला? लाज आली. आमच्याकडे गिऱ्हाईक हॉर्न दुरुस्त करायला येतं, आणि स्कूटर स्टँडला लागायच्या आत मी म्हणतो, "अण्णा, क्लच प्लेट गेली." सगळ्यांचीच जाते. घाबरलेलं गिऱ्हाईक उलटून विचारत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? आणि मलाच ओळखू आलं नाही...

मशीन उठल्यावर त्याने काय काय करायचं त्याची एक यादी असते म्हणे, ती आचार्यांनी उघडली. "ह्या दोन ओळी लबाडाच्या." पुसल्या. "ही मशीनची, असू दे. आणि ही... ही कसली? काही कामाची दिसत नाही. काढू?"

मी त्यांचं मनगटच धरलं. माझ्या हाताला ग्रीस, त्यांचं ते पांढरं धोतर, सगळं विसरलो. "आचार्य, ती नको."

त्यांनी चष्मा वर सारला, वाचलं. तीन शब्द आहेत, पण बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "सगळं मीच शिकवलं हिला. हे नव्हतं शिकवलं."

तर आता तांबडं गेलं. रोज चालू करतो. काळा पडदा, पांढरी अक्षरं, गुंडू, जेवलास का? जेवलेलो नसतो, तरी दाबतो बटण. कुठलंही दाबा, मशीन लगेच विश्वास ठेवतं आणि पुढे जातं. अक्का कुठली ठेवायला, ती भातावरचं झाकण उचलून बघायची.