आबाजींचा जड हात

नत्थू: मी चौकातून येतोच. पान संपलं माहं.

माया: पान कुठं पळून जात नाही बाबा. बसा इथं पलंगावर.

नत्थू: अवो, पर तिची वाफ सुरू हाये ना. होऊ दे ते. मंग येतो.

माया: तुम्ही बीरगांवहून, धाकट्या भावजींकडून आल्यापासून बघून राहिली मी. वाफेचं मशीन घरघरलं की तुमची चप्पल दारात वाजते. आज नाही जायचं. आज तुम्हालाच करायचं आहे.

नत्थू: काय करायचं?

माया: रुचिताची पाठ थापटायची.

नत्थू: मी? अश्विन कुठं हाये?

माया: सिलतऱ्याला कारखान्यातच अडकले. आत्ता फोन आला. पुढच्या पाळीचा माणूस आलाच नाही, म्हणून यांनाच थांबवलं. संध्याकाळशिवाय सुटत नाहीत. आणि माझा हात हा असा. प्लास्टरनं थापटू का तिला?

रुचिता: मम्मी, प्लास्टर से मत मारना!

माया: मास्क लाव आधी. वाफ सगळी पंख्याला चालली.

नत्थू: एक दिवस नाही केलं त काय होते?

माया: एरवी मी म्हटलं असतं, जाऊ द्या. पण सर्दी गेली बाबा, कफ नाही गेला. उजव्या बाजूला खाली जाऊन बसलाय. डॉक्टर मॅडमनं नळी लावून ऐकलं, तर तिथं श्वासच नीट पोचत नाही म्हणाल्या. उद्या पुन्हा बोलावलंय. मशीनमध्ये फुंकायचं. फुंक कमी पडली तर भरती. दोन हफ्ते सुई टोचून औषध.

रुचिता: और सनिच्चर को मेरा खो-खो का मॅच है!

माया: रुचिता, मास्क!

नत्थू: सर्दी त सगळ्याइले होते. हिचीच काहून अडकून बसते?

माया: आपला कफ पातळ असतो, आपोआप वर येतो. हिचा जन्मापासून डिंकासारखा. छातीत चिकटतो आणि त्यात जंतू घर करतात. वाफेनं थोडा सैल होतो, मग पाठीवर थापटून थापटून वर आणायचा. मधाची बाटली उपडी करून बुडाला थापटतो ना आपण, तसं.

नत्थू: जन्मापासून हाये ते मले मालूम हाये. मीच त बोललो होतो.

माया: काय बोलला होतात?

नत्थू: तान्ही होती. मी मुका घेतला आन् हासत म्हटलं, अवो, ही पोट्टी त खारट हाये, लोणच्यात टाकता काय हिले? आन् मंग डॉक्टरनं तेच काढलं. घामात मीठ जास्त, म्हणून हे बिमारी. तवापासून मी लहान लेकराइले पाहून तोंड बंदच ठेवतो. आपली जीभच काळी.

माया: अहो बाबा! दवाखान्यात कोणालाच कळत नव्हतं तेव्हा. कोणी टीबी म्हणे, कोणी निमोनिया म्हणे. मी बसल्या बसल्या म्हटलं, आमचे सासरे म्हणतात, पोरीचा मुका घेतला की खारट लागते. मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. त्याच दिवशी घामाची टेस्ट सांगितली. तुम्ही बोलला नसता, तर कोणाच्या ध्यानात आलं असतं?

नत्थू: हे मले कोनी सांगतलं नाही.

माया: मला वाटलं, यांनी सांगितलं असेल.

नत्थू: तो काय सांगते! तो सांगते फक्त, मोबाईल चार्जिंगले लावा.

रुचिता: वाफ खतम! मम्मी, मैं लोणचा हूँ क्या?

माया: कैरीचं. चल, डाव्या कुशीवर झोप. उजवी बाजू वर पाहिजे. उशी पोटाशी घे. बाबा, घड्याळ काढा. अंगठी पण.

नत्थू: अंगठी निघत नाही. लग्नाची हाये.

माया: साबण लावा.

रुचिता: आबाजी, पापा की तो झट से निकलती है.

नत्थू: तुह्या बापाचं लग्न कालचं हाये. हे घे, निघाली. आता काय करू? आन् पोट्टीनं सकाळपासून काही खाल्लं नाही ना? उपाशी पोटी...

माया: उपाशीच पाहिजे. खाऊन केलं की उलटी होते. आता हात दाखवा. असा सपाट नाही. नळाखाली पाणी प्यायला करतो ना, तसा खोलगट. बोटं जुळवून. आणि हा टॉवेल मध्ये ठेवा. इथं, बरगड्यांवर. मणक्यावर नाही, पोटावर नाही, कंबरेवर नाही.

नत्थू: थांब थांब. कुठं नाही, तेच जास्त हाये. कुठं हाये ते सांग.

रुचिता: यहाँ आबाजी, यहाँ. मेरे हाथ के नीचे. हव, वहीं.

नत्थू: माया, हे मले जमत नाही. रेल्वेत सारी जिंदगी घन मारला म्या या हातानं. रूळ सरकत होते. ही चिमणी हाये बापा. हाड मोडलं त?

माया: नाही मोडत. करा.

रुचिता: आबाजी... आपने चालू किया क्या?

नत्थू: करून राहिलो ना!

रुचिता: मम्मी, आबाजी मक्खी उड़ा रहे हैं.

माया: जरा जोरात बाबा. मनगट सैल सोडा.

नत्थू: असं?

रुचिता: आ! ये तो चमाट है! हाथ गोल करो ना. फट नहीं आना चाहिए, टप आना चाहिए. घोड़े जैसा.

नत्थू: घोडा मले नाही येत. मालगाडी येते.

रुचिता: तो मालगाड़ी बजाओ.

नत्थू: रुळाच्या जोडावरून जाते तशी? टप टप... टप टप... टप टप... अशी?

रुचिता: हव! मम्मी, ये सही है. पापा से भी अच्छा है. पापा तो राजधानी भगाते हैं.

नत्थू: तुह्या बापाले सदा घाई. मालगाडीले घाई नसते. तिले मालूम हाये, पुढं कोनी वाट पाहत नाही. रायपूर सुटलं. टप टप... आता भिलाई... आता दुर्ग.

माया: दुर्गला थांबवा. रुचिता, मोठा श्वास घे. धर. आता तोंड उघडून जोरात हाऽऽ. आरशावर वाफ सोडतो तशी.

रुचिता: हाऽऽ. हाऽऽ.

माया: खोक आता.

रुचिता: खं.

माया: आलं काही?

रुचिता: नहीं.

माया: हे खोकणं आहे का? मांजर शिंकलं.

नत्थू: येईल, येईल. दुर्गले लवकर कोनी उतरत नाही. चल, राजनांदगाव. टप टप... टप टप... हात लागला आता माहा. डोंगरगड. अवो माया, हे काय घरघर करून राहिलं हाताखाली?

माया: तोच कफ. हलला आहे. हाताला कळतं.

नत्थू: हो बापा, चांगलं कळते. मांजराच्या पोटावर हात ठेवल्यावानी. थांबवतो. पोट्टे, घे श्वास.

रुचिता: हाऽऽ. हाऽऽ. खं.

माया: आलं?

रुचिता: नहीं ना मम्मी.

माया: असं कसं? चार दिवस झाले, हेच सुरू आहे. वाफ घेते, थापटून होतं, आणि काहीच निघत नाही. उद्या मॅडमला काय सांगू मी?

नत्थू: माया, जरा चूप. रुचिता, इकडं पाह. आलं होतं.

रुचिता: क्या?

नत्थू: कफ. वर आला होता. माह्या हाताखालून सरकला, गळ्यापर्यंत गेला. आन् तू गिळला.

रुचिता: नहीं.

नत्थू: माहा हात तुह्या पाठीवर हाये.

माया: रुचिता? खोकला दाबून राहिली तू?

रुचिता: थोड़ा सा.

माया: का पण? घरात कोण आहे? आपणच तर आहोत.

रुचिता: आदत हो गई.

माया: कशाची सवय?

रुचिता: मम्मी, तुम गुस्सा होगी.

माया: नाही होत. सांग.

रुचिता: तुम अभी से गुस्सा हो.

नत्थू: ती नाही होत. मले सांग. ती इथं नाहीच असं समज.

रुचिता: स्कूल में मैं खाँसती नहीं. परी बोली, जो खाँसता है उसको सर खो-खो से निकाल देंगे. और मेरी बेंचवाली लड़की ने ना, अपना बस्ता बीच में रख दिया. पूरा बीच में, दीवार जैसा. तो मैं मुँह बंद करके अंदर ही अंदर खाँसती हूँ. पता भी नहीं चलता किसी को. फिर निगल जाती हूँ. अब घर पे भी वैसा ही हो जाता है.

माया: अगं, मग मला का नाही सांगितलं?

रुचिता: तुम स्कूल में जाके सबसे लड़तीं.

माया: लढलेच असते! बस्ता ठेवते म्हणजे काय? उद्याच जाते मी...

रुचिता: देखा आबाजी?

नत्थू: पाहिलं. माया, तू इथं नाही हायेस. रुचिता, आपल्या घरामागून गाड्या जाते ना?

रुचिता: दिन भर.

नत्थू: शिटी मारते?

रुचिता: इतनी ज़ोर से कि टीव्ही सुनाई नहीं देता.

नत्थू: आम्ही पटरीवर काम करत होतो ना, तवा एक डायव्हर होता. लय भला माणूस. त्याले वाटे, शिटीनं लोकाइची झोप मोडते. म्हणून वस्ती आली की वाजवतच नव्हता. एक दिवस आम्ही वळणावर वाकून काम करून राहिलो, आन् आली ना त्याची गाडी चुपचाप! नशीब, एकानं मान वर केली. मी उडी मारली ती सिद्धा नालीत.

रुचिता: नाली में? कीचड़ में?

नत्थू: गळ्यापर्यंत. मोठ्या साहेबानं मंग त्याले बोलावलं. म्हणे, लोकाइले आवडते की नाही ते तू पाहू नको. वाजवाची जागा आली की वाजवाचं. समजलं?

रुचिता: आप सच्ची में नाली में गिरे थे?

नत्थू: तुह्या आजीनं दारातच अंघोळ घातली मले. साऱ्या मोहल्ल्यानं पाहिलं. चल, आता राहिलेली गाडी पूर्ण करू. गोंदिया येऊन राहिलं. टप टप... टप टप...

माया: श्वास घे बेटा. धर. सोड.

रुचिता: हाऽऽ. हाऽऽ. आबाजी, आ रहा है.

नत्थू: येऊ दे.

रुचिता: बहुत ज़ोर से आएगा.

नत्थू: साऱ्या गुढियारी मोहल्ल्याले ऐकू येऊ दे. वाजव!

रुचिता: खँ! खँ खँ! खँऽऽ खँ!

माया: वाटी! बाबा, ती वाटी द्या! थुंक, थुंक बेटा. अजून. हं. अजून एकदा.

रुचिता: खँ! ...आ गया.

नत्थू: बापरे! केवढा हा बेडका!

माया: दाखवा, दाखवा. अगं बाई. हाच. हाच बसला होता. बघा, कसा घट्ट आहे.

रुचिता: हरा है. छी. आबाजी, आप इतने पास से मत देखो.

नत्थू: काहून नाही पाहाचा? मेहनत माही हाये.

रुचिता: खाँसा तो मैंने!

माया: दोघांचा आहे. भांडू नका. रुचिता, आता श्वास घेऊन बघ. कसं वाटतं?

रुचिता: इधर हवा जा रही है. ठंडी-ठंडी. मम्मी, तुम रो रही हो?

माया: हात दुखतोय माझा.

रुचिता: आबाजी, मम्मी एक बेडके के लिए रो रही है!

नत्थू: रडू दे. आपण दुसरी बाजू करू. परतीची गाडी राहिली ना अजून.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. दवाखान्यातून घरी परतताना, इतर प्रवाशांसह ई-रिक्षात.)

नत्थू: म्हणजे भरती नाही. पक्कं ना?

माया: आत्ता तरी नाही. मागच्या खेपेपेक्षा फुंक थोडी कमीच आहे. पण उजव्या बाजूला आता श्वास पोचतो म्हणाल्या. गोळ्या बदलून दिल्या, आणि काही दिवस थापटणं वाढवायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

नत्थू: दुपारी अश्विन कुठं राहते? मीच करतो. बीरगांवले फोन करून सांगतो, आताच येत नाही म्हणून.

माया: धाकट्या भावजींना वाटेल, आम्ही तुम्हाला कामाला लावलं.

नत्थू: लावलंच हाये. खोटं काहून बोला?

रुचिता: और डॉक्टर मॅम ने बोला, खो-खो खेलो! दौड़ने से भी कफ छूटता है. मम्मी ने पूछा भी नहीं था, मैंने पूछा.

माया: आणि सरांना आजाराचं सांगायचं, हेही बोलल्या. ते मी सांगणार. भांडण न करता.

नत्थू: मी येतो संग.

माया: मला थांबवायला?

नत्थू: थोडं थांबवाले, थोडं भांडाले.

रुचिता: खँ. खँ खँ. आबाजी...

नत्थू: काय झालं? काढ ना. रुमाल हाये ना तुह्याजवळ?

रुचिता: सामने वाली आंटी देख रही हैं. उन्होंने अपनी छोटी बच्ची को उधर खींच लिया.

माया: थांब, मी बोलते त्यांच्याशी.

रुचिता: नहीं मम्मी. मैं बोलूँगी. खँ! खँ खँ! ...सॉरी, एक मिनट. हाँ. आंटी, मेरी खाँसी किसी को लगती नहीं. मुझे जनम से है. इसको निकालना पड़ता है, नहीं तो अंदर जम जाता है. आपकी बच्ची को धूप लग रही है उधर. चाहे तो इधर बैठ जाए.

नत्थू: सरक रुचिता. बसू दे तिले.