आधाराची व्यवस्था करणेबाबत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आमच्या रहिवासी परिषदेचे माननीय अध्यक्ष, ज्यांच्या दुकानातल्या गोळ्या खाऊन आपण सगळे इथवर आलो ते आपले औषधवाले दादा. वेळात वेळ काढून मोठ्या कचेरीतून आलेल्या प्रमुख पाहुण्या. व्यासपीठावरचे सर्व सन्माननीय सदस्य. पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती, ज्यांनी आज मला 'थोडक्यात बोला' असं तीनदा बजावलं आहे. आणि समोर बसलेल्या माझ्या गावकरी बंधू-भगिनींनो,

आत्ताच माझं मानपत्र वाचून झालं. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची मानपत्रं लिहिली, त्यामुळे कोणती ओळ कुठून उचलली आहे हे मला लगेच कळतं. तिसरी ओळ माझीच आहे, आपल्या वाचनालयाच्या बाईंच्या निरोपासाठी लिहिलेली. तक्रार नाही. चांगली ओळ वाया जाऊ नये. पण त्यात एक शब्द आहे, तो ऐकला आणि मी खुर्चीत जरा सरकून बसलो. मला 'परिषदेचा आधारस्तंभ' म्हटलंय. त्या शब्दाविषयी मला बोलायचं आहे. बाकीचं कौतुक मी गुमान घरी नेतो.

सव्वीस वर्षांत तीनशेच्या वर सभांचं इतिवृत्त मी लिहिलं. गल्लीगल्लीतून एकेक प्रतिनिधी यायचा, रहिवासी यायचे, आपलं गाऱ्हाणं मांडायचे, आणि मी ते कागदावर उतरवायचो. नुसतं उतरवायचो नाही, नीट करायचो. कुणी म्हणायचं, 'नळाला पाणी येतंय का गटाराला, तेच कळत नाही.' मी लिहायचो, 'पाण्याच्या गुणवत्तेबाबत रहिवाशांनी चिंता व्यक्त केली.' पोरं मला मागून 'सबबकाका' म्हणतात, मला ठाऊक आहे. माझ्या प्रत्येक ठरावात 'सबब' यायचंच. सबब असे ठरले, सबब मंजूर. घरी आमची नातवंडं मला सांगतात की आजोबा, सबब म्हणजे बहाणा. मी त्यांना समजावतो की सरकारी भाषेत सबब म्हणजे 'म्हणून'. हल्ली तेवढ्या जोरानं समजावत नाही.

परिषदेनं कामं केली नाहीत असं मी म्हणणार नाही, आणि पाहुण्यांसमोर तर नाहीच. मंडईवर छप्पर आलं. बसचा थांबा वळणावरून हलला, त्यानंतर तिथे एकही अपघात नाही. उघडी गटारं झाकली. वाचनालयात पंखा लागला, तो फिरतोसुद्धा. एका गावानं स्वतःसाठी इतकं करावं हे काही कमी नाही. आणि ह्या सभागृहात कागदपत्रांसाठी ते मोठं लोखंडी कपाट आलं. ते माझ्या हट्टानं आलं. आज मला त्या कपाटाबद्दल सांगायचं आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण इथे रस्त्यानं येतात. पण खालच्या गल्लीतल्या लोकांना रस्ता लांब पडतो. ते पायऱ्यांनी येतात. चौसष्ट पायऱ्या. दवाखाना वर, शाळा वर, परिषद वर. त्या पायऱ्यांना एका बाजूनं लोखंडी पाइपाचा कठडा होता. कपाट आणलं तेव्हा रस्त्याचं काम चालू होतं, म्हणून ते पायऱ्यांवरून चढवावं लागलं, आणि मधल्या वळणावर ते काही बसेना. वेल्डरनं विचारलं, 'काका, कापू का?' मी म्हटलं, 'काप, नंतर बसवू.' बारा पायऱ्यांचा कठडा कापला. कपाट वर आलं. कापलेले पाइप मागच्या अंगणात पडून होते, ते पुढे सूचनाफलकाला पाय म्हणून लावले. येताना तुम्ही सगळे त्या फलकासमोरून आलात.

त्यानंतरच्या सभेला खालच्या गल्लीतून एक मावशी आल्या. शिवणकाम करणाऱ्या. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या शाळेच्या गणवेशाला त्यांनी गुंड्या लावल्या आहेत. गळ्यात टेप तशीच होती. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'अहो, मधल्या पायऱ्यांना हात धरायला काही नाही. तो कठडा बसवा.' एवढंच.

आता मी हे वाक्य असंच लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण 'हात धरायला काही नाही' हे इतिवृत्तात शोभतं का? मी लिहिलं, 'सदर पायऱ्यांवरून ये-जा करणाऱ्या ज्येष्ठ रहिवाशांस आधाराची व्यवस्था करणेबाबत.' वाक्य वाचलं आणि स्वतःवर खूश झालो. घरी जाऊन वाचूनही दाखवलं. आमच्या घरच्या म्हणाल्या, 'हे तुम्ही म्हणालात. ती बाई काय म्हणाली?' मी हसलो. बायकोचं ऐकलं नाही की काय होतं, हे आज पुरुषमंडळींनी माझ्याकडून शिकून जावं.

परिषदेची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. इतिवृत्तातला विषय ज्या शब्दाचा, त्या उपसमितीकडे जातो. 'रस्ता' असेल तर बांधकामाकडे, 'पाणी' असेल तर पाण्याकडे. 'ज्येष्ठ' आणि 'आधार' कुठे जाणार? कल्याण उपसमितीकडे. निराधारांना घोंगड्या वाटते ती. लोक ध चा मा झाल्याच्या गोष्टी सांगतात. मी कठड्याचा आधार केला, तोही सुवाच्य अक्षरात.

मावशी दर महिन्याला यायच्या. चौसष्ट पायऱ्या चढून, मधल्या बारा भिंतीला हात लावत. 'माझ्या कठड्याचं काय झालं?' अध्यक्ष माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, 'उपसमितीकडे आहे.' खोटं होतं का? मुळीच नाही. मला वाटायचं बांधकामवाले झोपलेत. बांधकामवाल्यांना तर विषयच माहीत नव्हता. अकरा वर्षं, मंडळी. अकरा वर्षं मी खरं बोललो.

कल्याण उपसमितीनं मात्र काम केलं. दोन सदस्या मावशींच्या घरी चौकशीला गेल्या. मावशींना वाटलं, मापं घ्यायला आल्यात. त्यांनी कौतुकानं आपली टेप पुढे केली. सदस्यांनी विचारलं, 'तुम्हाला आधार नाही का?' मावशी म्हणाल्या, 'कुठे आहे? चढताना हात धरायला काही नको का?' 'मुलगा नाही धरत?' 'तो बिचारा कामाला जातो, तो कुठे माझा हात धरून बसेल?' अहवालात आलं, 'मुलगा लक्ष देत नाही.' आणि आईची नीट काळजी घ्यावी अशी समज देणारं पत्र परिषदेकडून मुलाला गेलं. त्या पत्राची भाषा माझी, पण हे कठड्यातूनच निघालंय हे माझ्या ध्यानातही आलं नाही. गवंडीकाम करून आईचं सगळं करणारा मुलगा. महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. 'गावभर माझी अब्रू काढलीस,' म्हणाला. तिला कळेना की तिनं काय केलं. त्यानं ह्या सभागृहात पाऊल न टाकण्याची शपथ घेतली आहे, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही घेतली असती.

आता मी जरा घसरतो, अध्यक्षमहाराज, पण माझा निरोप आहे, एवढी मुभा असू द्या. आपल्या सभेच्या नियमांतला सातवा नियम असा आहे की अर्जदार सलग तीन सभांना गैरहजर राहिला तर विषय निकाली काढावा. हा नियम मी सुचवला. उगाच त्रास देणाऱ्या अर्जदारांना आळा बसावा म्हणून. खरं सांगू? सुचवताना माझ्या डोळ्यांसमोर मावशीच होत्या.

सात महिन्यांपूर्वीच्या सभेत त्यांची पाळी आली आणि त्या नव्हत्या. मी दाराकडे पाहिलं. थोडं थांबलो. मग लिहिलं, 'अर्जदार गैरहजर.' आणि मला बरं वाटलं. हे मला आज सगळ्यांसमोर सांगायचं होतं. मला बरं वाटलं. त्या वेळी त्या सव्विसाव्या पायरीवर पडल्या होत्या. सभेलाच येत होत्या, कठड्याचं विचारायला.

पुढच्या महिन्यात कानावर आलं की मावशी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मी 'अरेरे' म्हटलं. कुठे पडल्या ते विचारलं नाही. कसं विचारणार? विचारलं तर लिहावं लागतं. तिसऱ्या सभेत मी लिहिलं, 'अर्जदार सलग तीन सभांस गैरहजर, सबब विषय निकाली.' चौथ्या सभेत ते मी मोठ्यानं वाचलं, अकरा हात वर झाले, आणि इतिवृत्त कायम झालं. कायम झालं ते कायमचंच.

मागच्या महिन्यात कार्यभार सोपवायचा म्हणून ते कपाट उपसलं. घोंगड्यांच्या वाटपाच्या फायलीत, पावत्यांच्या खाली, मावशींच्या विषयाचे इतिवृत्तातले एकशे एकोणतीस उतारे सापडले. प्रत्येकावर माझी सही. उकिडवा बसलो होतो, तो तसाच जमिनीवर बसलो. ज्या कपाटासाठी कठडा कापला, त्याच कपाटात तो कठडा अकरा वर्षं पडून होता, आणि किल्ली माझ्या कमरेला.

मी पायऱ्या उतरून त्यांच्याकडे गेलो. मशिनवर चादर टाकलेली. खाट खिडकीपाशी ओढलेली. मी सगळं सांगितलं, आधार, कल्याण उपसमिती, मुलाचं पत्र. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर फार उपकार झाले असते. त्या म्हणाल्या, 'भाऊ, तुम्ही किती छान लिहायचात. मी तो कागद घरी आणून नातीकडून वाचून घ्यायचे. तिला म्हणायचे, बघ, आपलं बोलणं कसं लिहिलंय. एवढं छान लिहिलंय म्हणजे काम होणारच.' नंतर म्हणाल्या, 'चालता आलं असतं तर आले असते हो पुढच्या सभेला.'

परत येऊन मी अध्यक्षांना भेटलो. दादा भला माणूस आहे, त्यांना मनापासून वाईट वाटलं. पण निकाली निघालेला विषय पुन्हा घ्यायचा तर त्या गल्लीतला सज्ञान अर्जदार सभेत स्वतः हजर पाहिजे. हाही नियम माझाच, आठवा. मावशींना उठता येत नाही. मुलगा येणार नाही. नात चौदा वर्षांची. मी वरच्या गल्लीतला. म्हटलं, एक सभा खाली घेऊ. तर ठिकाण बदलायला ठराव लागतो, ठराव सभेत करावा लागतो, खालच्या गल्लीचा ठराव खालच्या प्रतिनिधीनं मांडावा लागतो, आणि ती खुर्ची सहा वर्षं रिकामी आहे. शेजाऱ्यांना विचारलं. एक जण म्हणाला, 'मावशींचं अकरा वर्षांत झालं नाही, आमचं काय होणार काका? आम्ही मुलांना सांगून ठेवलंय, भिंतीला धरून चाला.' मी नियम इतके पक्के बांधले की आता माझंच बोट आत शिरत नाही.

म्हटलं, नियम राहू देत, आपणच पाइप लावू. वेल्डर म्हातारा झालाय, पण तयार आहे. तेव्हा कळलं की सार्वजनिक पायऱ्यांना हात लावायला परिषदेची परवानगी लागते. तिचा अर्ज केला आहे. मागच्या सभेत तो वाचला गेला. माझ्या जागी आलेल्या मुलीनं इतिवृत्त लिहिलं. हुशार आहे, अक्षर माझ्याहून सुरेख. तिनं लिहिलंय, 'सेवानिवृत्त लेखनिकांनी व्यक्त केलेल्या भावनांची परिषदेने आदरपूर्वक नोंद घेतली.' ती नोंद कोणत्या उपसमितीकडे जाईल ते मी तिला विचारलं नाही. बाळ, तुझा दोष नाही. तुला मीच शिकवलं.

लोक विचारतात, परिषद म्हणजे काय? मी वर्षानुवर्षं सांगत आलो की ज्याला वर येऊन बोलता येत नाही, त्याचं बोलणं वर आणते ती परिषद. चांगली व्याख्या आहे. मानपत्रात घालण्यासारखी. पण बोलणं वर आणता आणता मी ते माझं करून टाकलं, आणि ज्याचं होतं तो खालीच राहिला. म्हणून तो 'आधारस्तंभ' तेवढा खोडा, अशी माझी विनंती आहे. खाडाखोड झाली म्हणून मानपत्राची शोभा जाणार नाही.

बराच वेळ घेतला. सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावरून कळतंय. आपण सगळे आलात, गोड बोललात, अध्यक्षांनी आणि पाहुण्यांनी मान दिला, सव्वीस वर्षं माझं लांबलचक वाचन ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. लिहिण्यात जे झालं ते घेऊ नका. त्याची माफी मागायची जागा खालच्या गल्लीत आहे, आणि तिथे मला ती न मागताच मिळाली, हेच मला सोसत नाही.

शेवटच्या रांगेत खालच्या गल्लीतले चौघं जण बसलेत, ते मी मघापासून बघतोय. चहा घेऊन जा. आणि सावकाश उतरा. वरून बत्तीस पायऱ्या उतरलात की कठडा संपतो. पुढच्या बारा पायऱ्या हात धरायला काही नाही.