फोटोत आहे तस्साच

महापालिकेत परवान्याच्या खिडकीपाशी रांगेत माझ्यापुढे जुन्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक उभे होते.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “अभिनंदन काका! इमारत ऐतिहासिक म्हणून तुमच्या मोठ्या फलकाला नियमातून सूट मिळाली.”

“चार वर्षं चपला झिजवल्या हो, ताई!”

“फक्त फलक अर्जातल्या फोटोत आहे तस्साच ठेवायचा. अक्षर बदललं, तर सूट रद्द.”

“बघू फोटो... अरे देवा! हा तर आमच्या नटाला ताप आला, त्या दिवशीचा!”

“मग?”

“फलकावर ‘आजचा प्रयोग रद्द’ असं लिहिलंय!”

“तेच मंजूर झालंय. दहा वर्षांसाठी.”

“अहो, आज हाऊसफुल्ल आहे! तो फलक लावला तर लोक दारातून परत जातील!”

“तुम्ही कशाला लावताय, काका? आमची माणसं सकाळीच लावून आलीत.”