पिंपळनेरची दुसरी लाइन

आजच्या माझ्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले अधीक्षक अभियंता इसाक पिंजारी साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, धुळ्याच्या या कार्यालयातले माझे सहकारी, जळगावहून आणि पिंपळनेरहून मुद्दाम आलेली मंडळी, आणि पस्तीस वर्षं माझा डबा वेळेवर भरणाऱ्या आमच्या सौ. प्रमिलाबाई,

आपण सर्व फार प्रेमानं बोललात. 'नवल देवरेंची दूरदृष्टी' हे शब्द आज तीनदा कानावर आले. मी ऋणी आहे. पण ते शब्द मला घरी नेता येणार नाहीत.

आमच्या नियोजन विभागाचं काम काय? दहा वर्षांनी कुठे किती वीज लागेल, ते आज सांगायचं. आठ वर्षांपूर्वी पिंपळनेरकडच्या नव्या उपकेंद्राचा आराखडा माझ्याकडे आला. तिकडे सूतगिरणी येणार, असं जो तो म्हणत होता. मी गिरणी धरून दोन मोठे ट्रान्सफॉर्मर मांडले. माझ्या हाताखाली तेव्हा दिपमाला बोरसे या तरुण अभियंता होत्या.

त्या म्हणाल्या, "सर, एकच ट्रान्सफॉर्मर बसवू. दुसऱ्याचा नुसता पाया बांधून ठेवू, आणि वाचलेल्या निधीत दुसऱ्या बाजूनं आणखी एक लाइन आणू."

"आणि गिरणी आली तर?"

"पाया तयार असेल, ट्रान्सफॉर्मर मागवता येईल. गिरणीचं आपल्याला माहीत नाही, सर. वैशाखातल्या वादळाचं माहीत आहे."

मी नाही म्हणालो. त्यांनी आपलं मत लेखी फाइलला जोडलं आणि वरून तेच मंजूर होऊन आलं. मला ते लागलं. त्या वर्षीच्या त्यांच्या गोपनीय अहवालात मी लिहिलं, 'हेकेखोर. वरिष्ठांचं ऐकत नाहीत.' त्यांची पदोन्नती तीन वर्षं अडली.

गिरणी आली नाही. वादळ आलं. उपकेंद्रावरून तिथले ऑपरेटर निंबाभाऊ यांचा फोन आला, "साहेब, टॉवर पडना. पन दुसरी लाइनवर बठ्ठा गावसले लाइट शे." पहिल्या लाइनचा टॉवर पडूनही सगळ्या गावांत वीज टिकली होती. त्या दुपारी तिथल्या दवाखान्यात सहा माणसं ऑक्सिजनच्या मशीनवर होती. त्यांतले उखर्डू नाना आज समोर बसले आहेत.

पुढे त्या कामाबद्दल सत्कार झाला. आराखड्यावर सही माझी, म्हणून सत्कारही माझा. दिपमालाबाई मागे उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. माझ्या भाषणात त्यांचं नाव नव्हतं.

गेल्या महिन्यात त्यांच्या अहवालातला तो शेरा काढावा असं पत्र मी वर दिलं आणि प्रत त्यांना धाडली. रागावतील, असं वाटलं होतं. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "पत्र पोचलं, सर. निरोपाला येते मी."

त्या आल्या आहेत. तिसऱ्या रांगेत, डावीकडे.

अध्यक्ष महोदय, आयोजक, उन्हातान्हात खांबावर चढणारे माझे लाइनमन, आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या शेवटी 'काही चुकलं असेल तर माफी असावी' असं म्हणतात. मला 'असेल' म्हणता येत नाही. दिपमालाबाई, माझं चुकलं. मला माफ करा.