डावी भुवई

आई : पुन्हा सांग. बंद म्हणजे कायमचं बंद?

मुलगा : हो गं. येत्या शर्यतीपासून मध्येच थांबून पेट्रोल भरायचं नाही. सुरुवातीलाच टाकी भरायची, शेवटपर्यंत तेवढ्यावरच पळायचं.

आई : सुटले बाई एकदाची!

मुलगा : तू सुटलीस. माझं काय? इतकी वर्षं ती अवजड नळी खांद्यावर घेऊन पळतोय. टाकी अर्धीच ठेवली की गाडी हलकी, म्हणून जोरात. बाकीचं आम्ही मध्येच भरायचो. किती शर्यती तिथेच मारल्या!

बाबा : मग आता तुला नारळ?

मुलगा : नाही, चाकं बदलायला ठेवलंय. पण बाबा, नळीवाला तो नळीवाला!

आई : चाकं तर चाकं. ती पेट घेत नाहीत.

मुलगा : नळीनं तरी कधी घेतला?

आई : मग गेल्या हंगामात भुवया कुठे गेल्या होत्या?

मुलगा : सांगितलं होतं ना, न्हाव्याचा वस्तरा घसरला.

आई : दोन्हीकडे? आणि पापण्यांवरून पण? मेल्या, मी तुला जन्म दिलाय, तू मला नाही!

मुलगा : बाबा, तुम्ही सांगितलंत?

बाबा : मी कशाला? नळी निसटली, भडका उडाला, सगळं टीव्हीवर दिसलं. तेव्हापासून शर्यतीच्या दिवशी हिनं घरात गॅस पेटवलेला नाही. तुझा फोन येईस्तोवर मी आपला गार गिळतोय.

मुलगा : आई! कधी बोलली नाहीस ती?

आई : बोलून ऐकणार होतास? म्हटलं, निदान घरात तरी जाळ नको.

मुलगा : खरं सांगू? नियम कळला तेव्हा आधी जाम चिडलो. मग गॅरेजमागे जाऊन बसलो. त्या भडक्यानंतर नळी लावताना दर वेळी घाबरायचो गं मी. आता नाही लावायची, म्हटल्यावर रडूच आलं.

आई : ये इकडे.

मुलगा : लहान आहे का मी?

आई : गप. बघू दे. डावी अजून विरळच आहे.

बाबा : मायलेकरांचं झालं असेल तर एक विचारू? रविवारी शर्यत आहे.

आई : मग?

बाबा : चहा मिळेल का?

आई : गाडी सुटली की आधण ठेवते.