पुन्हा एकदा मोजू

शिरपूरला मी रसायनशास्त्र शिकवायचो, तेव्हाचं सांगतो. बायकोची नोकरी लातूरला, त्यामुळे भाड्याच्या खोलीत मी एकटाच. रविवार तर खायला उठायचा.

ॲसिड आणि अल्कली एकत्र केल्यावर किती उष्णता बाहेर पडते, ते मुलं मोजत होती. पण तापमान दर वेळी कमीच भरायचं. म्हणून एका रविवारी मीच प्रयोगशाळा उघडली. थर्माकोलच्या एका कपात दुसरा कप बसवला, वर पुठ्ठ्याचं झाकण ठेवलं.

तेवढ्यात आमचे शिपाई नाना दारात आले. "सर, आज तं सुट्टी शे ना?"

"नाना, उष्णता निसटतेय. जरा हे झाकण धरा."

त्यांनी धरलं. पारा चढला आणि हिशेबाप्रमाणे जिथं यायला हवा होता, अगदी तिथंच आला. मला आनंद झाला, पण लगेच खोलीवरचं कुलूप आठवलं.

"उनं का बराबर?" नानांनी विचारलं.

"आलं. पण एकदा येऊन भागत नाही, नाना. परत करून बघावं लागतं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्टूल ओढून बसले.

"करा ना सर. माले बी घर कोन्ही वाट देखत नही."